चुक तुमचि आहे

तीन आठवडे वाट पाहायला लावून विकासकसाहेबांचं उत्तर आलं, ते तीन शब्दांचं. ‘चुक तुमचि आहे.’ आठवड्याला एक शब्द हा वेग काही वाईट म्हणता येणार नाही. दगडात लेख खोदणाऱ्यांनाही साधारण एवढाच वेळ लागत असावा.

वेलांटीबाईंनी ते उत्तर दोनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीने वाचलं आणि तीन शब्दांत दोन चुका मोजल्या. दुसऱ्यांदा अर्थाकडे लक्ष गेलं आणि मग मात्र त्यांची कानशिलं तापली.

बाई चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच त्यांच्या पोटापाण्याचा धंदा. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, औषधांची वेष्टनं, संस्थांचे अहवाल, जे जे छापायचं ते आधी त्यांच्या टेबलावरून जायचं. एकदा एका अहवालात ‘अध्यक्षांचे अमूल्य असहकार्य’ असं आलं होतं. तिथे त्यांनी काट मारली नाही, समासात नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. न जाणो, खरंही असेल. पण ऱ्हस्व-दीर्घाला प्रश्नचिन्ह नाही, तिथे सरळ काट. पहिली वेलांटी की दुसरी यावरून त्या मालकांशी दोनदा आणि एका प्राचार्यांशी एकदा कडकडून भांडल्या होत्या आणि तिन्ही वेळा जिंकल्या होत्या. म्हणून छापखान्यात सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. अशा बाईला कुणीतरी ‘चूक तुमची आहे’ म्हणावं, आणि तेही पहिल्या वेलांटीने!

झालं होतं ते असं. छापखाना बंद पडला. मालकांनी सगळ्यांना फंडाचे पैसे दिले, एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि यंत्रं भंगारात काढली. बाई आपल्या थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहत. बाईंनी लग्न केलं नव्हतं आणि ताईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. म्हणजे एकीने जन्मभर बघून पोट भरलं आणि दुसरीने ऐकून. आता त्या ऑपरेटर ताईंचेच कान जायला लागले होते.

आधी आधी गंमत वाटायची. ‘दार लाव’ म्हटलं की ‘कार? कुणाची कार?’ असं व्हायचं आणि दोघी हसत बसायच्या. मग हळूहळू ताईंनी विचारणंच सोडलं. समोरचा बोलला की नुसतं हसून मान हलवायची, ऐकू आल्यासारखी. बाईंना ते हसणं बघवायचं नाही. संध्याकाळी बाई मोठ्याने पेपर वाचायच्या आणि ताई त्यावर शेरे मारायच्या, हा त्यांचा बारा वर्षांचा परिपाठ. आता वाचन चालू होतं, शेरे बंद पडले होते.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. “दोन्ही कानांना यंत्र लावा, पण सहा महिन्यांच्या आत. ऐकू न येणाऱ्या कानाला शब्द विसरायची सवय लागते. मग यंत्र लावलं तरी आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत.”

चांगल्या यंत्रांची किंमत बाईंच्या फंडापेक्षा थोडी जास्त होती. हे ‘थोडी’ नसतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण ते होतं, आणि नेमके त्याच आठवड्यात ताईंचे जावई घरी आले.

जावई म्हणजे मोठा हुशार माणूस. हुशार असल्याचं ते स्वतःच सांगत, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

“मावशी, बँकेत पैसे नुसते झोपून राहतात,” ते म्हणाले.

“झोपू देत,” बाई म्हणाल्या. “चौतीस वर्षं राबलेत ते.”

“चार महिन्यांत दुप्पट होतील. अक्षयनाणं म्हणून नवीन आलंय. डिजिटल चलन. आणि मावशी, सगळं आपल्या भाषेत! आपल्या भाषेतलं पहिलं नाणं.”

इथे बाई पाघळल्या. दुप्पट वगैरे त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण आपल्या भाषेत आहे म्हटल्यावर त्यांचा जीव विरघळला. आयुष्यभर जिच्या वेलांट्या सांभाळल्या, तिच्यात आता नाणंही आलं म्हणजे काय! शिवाय ताई बाजूला बसून हसत मान हलवत होत्या.

जावयांनी बाईंच्या फोनवर सगळं जुळवून दिलं. शेवटी पडद्यावर बारा शब्द आले. सूचना होती, हे शब्द म्हणजे तुमच्या तिजोरीची किल्ली. कागदावर उतरवून घ्या. कुणालाही दाखवू नका. विसरलात तर आम्हीच काय, देवही मदत करू शकणार नाही. देवाच्या वतीने बोलायचे अधिकारही विकासकांनी घेतले आहेत, हे बघून बाईंना जरा कौतुक वाटलं. जावई सभ्यपणे तोंड फिरवून बसले. बाईंनी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक काढलं आणि टपोऱ्या अक्षरात बारा शब्द वहीत लिहिले. तपासले. पुन्हा तपासले. खाली बारीक रेघ मारली आणि वही कपाटात ठेवली.

पुढच्या चार महिन्यांत पैसे खरोखर दुप्पट झाले. निदान पडद्यावर तरी झाले. बाईंनी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, आणि त्याच दिवशी ताईंनी कपडे भिजवायला काढले.

“ताई, माझ्या झग्याच्या खिशात फोन आहे!” बाई आतून ओरडल्या.

“खिशात कोण आहे?” ताईंनी विचारलं आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसून झगा बादलीत बुडवला.

फोन गेला. फोनमध्ये फक्त फोन होता. किल्ली कपाटात होती. नवा फोन आणला, अक्षयनाण्याचं ॲप उतरवलं, वही उघडली आणि बारा शब्द घातले. ‘शब्द चुकिचे आहेत.’

बाईंनी पुन्हा घातले. ‘शब्द चुकिचे आहेत.’ तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोटाने ठोकून घातलं. चौथ्यांदा जावयांनी घातले. सहाव्यांदा आंघोळ करून घातले. दहाव्या खेपेला लाल चौकट आली: ‘सुरक्षेसाठि तुमचि तिजोरि बंद करण्यात आलि आहे. विकासकांशि संपर्क साधा.’ बाईंच्या डोळ्यांना वेलांट्या टोचल्या, पण घर जळत असताना पाटीवरच्या अक्षराकडे कोण बघतं.

संपर्क साधणं सोपं होतं. ‘मदत’ असं बटण होतं. ते दाबलं की अकरा हजार माणसांच्या एका गटात नेऊन सोडत, जत्रेत सोडावं तसं. तिथे एक यंत्र स्वागताला उभं होतं, बाहेरून विकत आणलेलं, त्यामुळे शुद्ध लिहिणारं. ते म्हणालं, ‘तुमची अडचण आमच्यासाठी मोलाची आहे,’ आणि तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी म्हणालं, ‘तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ समाधान कुणाचं झालं ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी नवी तक्रार केली. तीही समाधानाने मिटली. तिसरी मात्र यंत्राने बंद केली नाही, उघडी ठेवली आणि विसरून गेलं.

स्वतः विकासकसाहेब गटात दररोज हजर असत. सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र टाकत, दुपारी अग्निबाणाचं आणि रात्री ‘विश्वास ठेवा’ असं लिहून झोपायला जात. मध्ये कुणी काही विचारलंच तर हात जोडल्याचं चित्र. बाईंनी एकवीस दिवसांत चौदा निरोप पाठवले, आणि त्यातल्या कशावर तरी ते तीन शब्द आले.

खरी तत्पर सेवा मिळाली ती चोरांकडून. बाईंनी गटात अडचण मांडल्यापासून दोन मिनिटांच्या आत पहिला चोर हजर. ‘आदरणीय मावशी, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आपली प्रकृती कशी आहे?’ शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष. पुढे फक्त बारा शब्द मागितले होते. दुसऱ्याने ताईंच्या कानांची चौकशी केली. तिसऱ्याने तर बाईंनी दाखवलेली चूक दुरुस्त करून ‘धन्यवाद’ म्हटलं. बाईंनी कुणालाही शब्द दिले नाहीत, पण त्यांना मनापासून वाटलं की या मुलांना विकासकांनी नोकरीवर ठेवायला हवं.

ताईंना त्यांनी सगळं कागदावर लिहून दाखवलं. ताई भडकल्या. “उत्तर देत नाही म्हणजे? आमच्याकडे तिसरी घंटा वाजली तर मेमो हातात पडायचा. आणि हा तीन आठवडे?” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “जाऊ दे गं. आता ऐकण्यासारखं उरलंय तरी काय?” म्हणाल्या हसत, पण बाईंना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सहा महिन्यांतला आता जेमतेम महिना उरला होता.

जावयांना गाठलं. जावई हल्ली फोन उचलत नव्हते, पण ताईंच्या लेकीने उचलायला लावला. त्यांच्याकडून कळलं की विकासकसाहेब शनिवारी एका हॉटेलच्या सभागृहात व्याख्यान देणार आहेत. प्रवेश मोफत, विषय ‘ग्राहक हाच राजा’.

राजा म्हणवून घ्यायला बाई दोन बस बदलून गेल्या. पांढरी खोळ घातलेल्या खुर्च्या, थंडगार हवा, दारात हसणाऱ्या मुली. विकासकसाहेब तिशीतले होते. अंगात साधा बनियनसारखा सदरा, कारण साधेपणा; पायात बूट मात्र असे की एका कानाचं यंत्र आलं असतं. भाषण तासभर चाललं. बँका लोकांचं ऐकत नाहीत, असं त्यांनी अकरा वेळा सांगितलं. शेवटी प्रश्नोत्तरं झाली आणि बाई उभ्या राहिल्या.

“मी चौदा निरोप पाठवलेत,” त्या म्हणाल्या. “माझे बारा शब्द बरोबर आहेत आणि तिजोरी उघडत नाही.”

“मॅडम, म्हणजे शब्द चुकीचे लिहिलेत तुम्ही.”

“मी चुकीचं लिहीत नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” साहेब म्हणाले. लोक हसले. “प्रणाली चुकत नाही, मॅडम. माणूस चुकतो.”

“बरं, माणूस चुकला. ते लाल कुलूप तेवढं काढा. मी पुन्हा घालून बघते.”

“ते माझ्या हातात नाही. आपली व्यवस्था विकेंद्रित आहे. म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नाही.”

“मग कुलूप लावलं कुणी?”

“प्रणालीने.”

“आणि प्रणाली लिहिली कुणी?”

“पुढचा प्रश्न,” साहेब म्हणाले, आणि हसणाऱ्या मुलींपैकी एकीने बाईंच्या हातून माइक काढून घेतला, अगदी हसतमुखाने. जाताना सगळ्यांना एकेक माहितीपुस्तिका दिली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई.

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकी मिळाली. अपमान गिळायला हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी पर्समधली पेन्सिल काढून ती पुस्तिका तपासायला घेतली. दुसरा कुणी रडला असता. बाईंनी पहिल्या पानावर एकोणचाळीस चुका काढल्या. ‘आम्हि’, ‘तुमचि’. पुढे ‘सुरक्षीत’ असणार असं वाटलं, तर ते बरोबर ‘सुरक्षित’ होतं आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं. दुसऱ्या पानावर ‘दुध’, ‘विज’, ‘जमिन’. तिसऱ्या पानापर्यंत बाईंना माणूस कळला. चौतीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: प्रत्येकाच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात. कुणी ‘श’ आणि ‘ष’ची गल्लत करतो, कुणी टिंबं खातो. या गृहस्थाकडे दीर्घच नव्हतं. सगळं ऱ्हस्व. कळफलकावर दीर्घ काढायला बहुतेक दोन बोटं लागत असावीत, आणि यांना एका बोटापेक्षा जास्त कष्ट घ्यायची सवय नव्हती.

चौथ्या पानावर ‘नदि’ आलं. बाईंची पेन्सिल सवयीने वळली, पहिल्या वेलांटीवर काट मारून समासात दुसरी काढायला. आणि ती तिथेच थांबली.

नदी. वहीतला सातवा शब्द.

त्या दिवशी पडद्यावरही ‘नदि’च होतं. बाईंना आता लख्ख आठवलं. ‘नदि’ होतं, ‘मुर्ति’ होतं, ‘पाणि’ होतं, आणि आपण ‘काय ही पोरं’ म्हणून, मनातल्या मनात चुकचुकून, फुकटची सेवा म्हणून ते सगळं शुद्ध करून वहीत उतरवलं होतं. हाताने परस्पर केलं होतं; डोक्याला विचारलंही नव्हतं. नंतर दोनदा तपासलं तेही पडद्याशी ताडून नव्हे, शुद्धलेखनाशी ताडून.

बाई बसमध्ये मोठ्याने हसल्या. शेजारची बाई जरा सरकून बसली. म्हणजे या तिजोरीत जायचं तर चुकीचं लिहायला यायला हवं होतं. अडाण्याला दार उघडं, आणि ज्याला दोन वेलांट्या कळतात त्याच्या तोंडावर लाल कुलूप.

घरी येऊन त्यांनी गटात निरोप लिहिला. शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही. आपली अडचण काय, कारण काय, आणि खाली शुद्धिपत्र: पुस्तिकेतल्या दोनशे बारा चुका, पानांच्या क्रमाने. शेवटी एक ओळ: ‘ज्यांनी आपले बारा शब्द शुद्ध उतरवले असतील त्यांनी वही तपासावी.’

गटात गदारोळ उडाला. एक निवृत्त भाषाशिक्षक म्हणाले, ‘माझंही असंच झालंय, दोन महिने झाले.’ एक पाट्या रंगवणारे पेंटर म्हणाले, ‘माझंही.’ बाकी अकरा हजारांतल्या कुणाचं काही अडलेलं नव्हतं. त्यांनी जसं दिसलं तसं उतरवलं होतं. तरीही सगळ्यांनी वह्या काढल्या, घाबरले, आणि जे तिजोरीत शिरू शकत होते ते पैसे काढू लागले. संध्याकाळपर्यंत पडद्यावरचं नाणं घसरणीला लागलं. डॉक्टरीणबाईंची यंत्रं दर तासाला महाग होत चालल्यासारखी बाईंना दिसू लागली.

आणि फोन वाजला. एकवीस दिवसांत तीन शब्द बोललेला माणूस आता स्वतःहून बोलत होता.

“मावशी, कशा आहात?” विकासकसाहेब म्हणाले. मॅडमची मावशी झाली होती. “अहो, आधी मला सांगायचं ना!”

“चौदा वेळा सांगितलं.”

“ते बघणारा मुलगा सोडून गेला. बरं, मी काय म्हणतो, तुमचं कुलूप मी आत्ता काढतो.”

“तुमच्या हातात नव्हतं ना ते?”

साहेब जरासं हसले. “आणलं हातात. फक्त एक करा. तो निरोप काढून टाका आणि मी पाठवतो तो मजकूर तुमच्या नावाने टाका. लोक तुमचं ऐकतायत. आज रात्रीपर्यंत नाणं सावरलं नाही तर तुमच्या तिजोरीत उघडून बघण्यासारखं काही राहणार नाही, मावशी. माझ्याही.”

हे मात्र खरं होतं, आणि ते खरं आहे हे बाईंना कळत होतं.

“आधी गुरुजींचं आणि पेंटरचं कुलूप काढा,” त्या म्हणाल्या. “ते निघालं असं त्यांनी मला कळवलं की मी तुमचा मजकूर टाकेन.”

साहेबांनी जरा घासाघीस केली, मग काढलं. पाच मिनिटांत दोघांचे निरोप आले. बाईंनी दोघांना कळवलं: सगळं ऱ्हस्व घाला, लाज सोडून घाला. मग साहेबांचा मजकूर आला.

‘मि माझि चुक मान्य करते. माझ्या वयामुळे मि शब्द चुकिचे लिहिले. अक्षयनाणे हि प्रणालि पूर्ण सुरक्षित असुन विकासकांनि मला तत्पर सेवा दिलि. त्यांचि मि माफि मागते.’

‘पूर्ण’ तेवढं बरोबर होतं. कुठून तरी उचललं असणार.

“निदान शुद्ध करून टाकते,” बाईंनी फोन करून सांगितलं.

“नको नको, अजिबात नको!” साहेब घाईने म्हणाले. “वकिलांनी बघितलंय ते. एक अक्षर इकडचं तिकडे नको. आणि मावशी, लवकर.”

बाई टेबलाशी बसल्या. गटात जावई होते. जावयांनी गोळा केलेले निम्मे छापखानेवाले होते: खिळे जुळवणारे जुळारी होते, बांधणीवाले होते, खुद्द मालक होते. ज्यांच्यापुढे चौतीस वर्षं कुणाची एक वेलांटी चुकू दिली नाही, त्यांच्यापुढे आता हे टाकायचं होतं. चूक मान्य करण्याचं त्यांना एवढं काही वाटत नव्हतं. चूक झालीच होती, अर्धी का होईना. पण वयामुळे? आणि तत्पर सेवा? आणि ‘माझि’? मजकूर एका ठिकाणचा उचलून दुसरीकडे कसा टाकतात ते बाईंना येत नव्हतं. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी स्वतःच्या बोटाने काढायला हवी होती.

त्यांनी ‘मि’ लिहिलं आणि बोट आपोआप खोडायच्या बटणाकडे गेलं. त्यांनी ते मागे ओढलं.

“काय करतेयस गं?” ताईंनी ओट्याजवळून विचारलं.

“माफी मागतेय,” बाई म्हणाल्या.

“कॉफी? आत्ता?” ताई म्हणाल्या. “टाकते, टाकते. मलाही हवीच होती.”

‘माझि’. ‘चुक’. ‘चुकिचे’. बाई एकेक अक्षर लिहीत गेल्या. ‘तत्पर सेवा’पाशी थांबल्या, ताईंच्या पाठीकडे पाहिलं आणि तेही लिहिलं. शेवटचं ‘माफि मागते’ लिहून झालं तेव्हा कपाळावर घाम आला होता. त्यांनी सवयीने मजकूर वरपासून खालपर्यंत तपासला. सगळ्या चुका जागच्या जागी होत्या. आधीचा निरोप काढून टाकला. बटण दाबलं.

चार सेकंदांत विकासकांचा अंगठा आला. अग्निबाण आले, हार आले. लाल चौकट नाहीशी झाली. बाईंनी वही उघडली आणि बारा शब्द घातले, नदि, मुर्ति, पाणि, विज, सगळे लाज सोडून. तिजोरी उघडली. आतले पैसे दुप्पट नव्हते आता, मूळ फंडाहून थोडेसेच जास्त होते, पण दोन कानांचं भागत होतं. जावयांनी पैसे बँकेत कसे आणायचे ते कागदावर लिहून दिलं होतं. त्याप्रमाणे एकेक बटण दाबत त्यांनी ते सगळे, अगदी शेवटचा कणसुद्धा, बाहेर काढले.

मग फोन पुन्हा वाजला. छापखान्याच्या मालकांचा निरोप होता, गटात नव्हे, वेगळा. ‘वेलांटीबाई, तुमचा मजकूर वाचला. तब्येत बरी आहे ना?’

बाईंनी उत्तर लिहायला घेतलं. खरं सांगितलं तर ते गटात फुटणार आणि शब्द मोडल्यासारखं होणार. खोटं सांगायचं तर तब्येत बरी नाही असं लिहायला हवं होतं. त्यांनी फोन उपडा ठेवला. आणि मग त्यांना रडू फुटलं. डोळे पुसून आवरण्यासारखं नव्हे. मोठ्याने, हुंदके देऊन, लहान मुलीसारखं. दोन हातांवर ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. खोलीत एवढा आवाज होत होता आणि त्या दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर नजर लावून, शांतपणे काहीतरी गुणगुणत होत्या. बाईंनी आवरायचा प्रयत्न केला, मग लक्षात आलं की आवरायचं काही कारण नाही, आणि पोटभर रडून घेतलं.

“साखर किती घालू?” ताईंनी न वळताच विचारलं.

“दोन,” बाई म्हणाल्या. मग नाक पुसून, सगळा जीव गोळा करून ओरडल्या, “दोन चमचे, ताई! दोन!”